करडई, जवस आणि गोठ्यातली गाय

गेल्या वसुबारसेला मंडळाचे आम्ही पंधरा-वीस सभासद शहराबाहेरच्या एका गोशाळेत गेलो होतो. प्रत्येकाने घरून काही ना काही आणले होते. पुरणपोळ्या, तुपात कुस्करलेली बाजरीची भाकरी, गुळाचे लाडू. एका घरून तर फराळाचा अख्खा डबा आला होता. गोशाळा सांभाळणाऱ्या भाईंनी सगळे आदराने घेतले, पण टोपली गोठ्यात न नेता बाजूला ठेवली. म्हणाले, "काका, ती कोपऱ्यातली गाय आठ-दहा दिवसांत व्यायची आहे. तिला एवढं तळलेलं, तूपकट चालणार नाही. त्यापेक्षा रजको आणला असता तर बरं झालं असतं." रजको म्हणजे आपले लसूणघास.

परत येताना गाडीत हाच विषय. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चांगले तुपात वळून देतात. तेल-तूप म्हणजे ताकद असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग व्यायला झालेल्या गाईला ते वाईट कसे? मंडळातल्या वहिनींनी आम्हांला थेट विचारले, "तुम्ही बँकेत असताना गाईम्हशींची कर्जे दिलीत ना? मग तुम्हीच शोधून काढा आणि लिहा."

आम्ही बी.कॉम. झालेले. जीवशास्त्राशी संबंध शाळेतच संपला. पण निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून वाचले, ओळखीच्या पशुवैद्यांना पुन्हा पुन्हा विचारले आणि जे समजले ते येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

कर्जाच्या अर्जात नसलेला रकाना

आमचा गाईंशी संबंध आला तो कर्जामुळे. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली बडोद्याच्या आसपासच्या गावांत दुभत्या जनावरांसाठी भरपूर कर्जे दिली गेली. दोन जनावरांचे कर्ज असेल तर दुसरे जनावर काही महिन्यांनी घ्यायचे, म्हणजे एक भाकड असताना दुसरे दूध देईल, हप्ता चुकणार नाही. छापील अर्जात रोजचे दूध किती, दुधाचे दिवस किती, भाकड दिवस किती, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक काय, असे सगळे रकाने असत. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिच्या शरीरात काय चालते, यासाठी मात्र रकाना नव्हता.

वाघोडियाच्या बाजूच्या एका बेनची गाय आम्हांला अजून आठवते. गाय चांगली, दूध भरपूर. व्याली आणि वार अडकली. आठवड्याभरात कास सुजून दगडासारखी झाली, ताप आला आणि एक सड कायमचा गेला. दूध निम्म्यावर आले. पुढे ती दोनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही. हप्ते थकले. तपासणीच्या अहवालात आम्ही "जनावर आजारी" एवढेच लिहून मोकळे झालो. वार अडकणे, कासदाह आणि गाभ न राहणे ही तीन वेगवेगळी दुर्दैवे आहेत असेच आम्ही तेव्हा धरून चाललो. आज कळते की या तिन्हींच्या मागे बऱ्याचदा एकच गोष्ट असते: त्या दिवसांत गाईची रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि शरीरातला दाह वेळेवर पेटत नाही किंवा वेळेवर विझत नाही. आणि त्यात तिच्या खाण्यातल्या स्निग्ध पदार्थांचाही वाटा असतो.

दाह म्हणजे शत्रू नव्हे

दाह म्हटले की आपल्याला सूज, लाली, ठणका आणि ताप आठवतो. हे सगळे बंद झाले की बरे, असे वाटते. पण दाह ही शरीराची स्वतःची फौज कामाला लागल्याची खूण आहे. सडातून जंतू आत शिरले की तिथल्या पेशी इशारा देतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. यांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत आधी पोचतात आणि जंतूंना गिळतात. व्याल्यानंतर जवळजवळ प्रत्येक गाईच्या गर्भाशयात जंतू शिरतातच. ज्या गाईची ही फौज चपळ असते ती काही दिवसांत मोकळी होते. जिची सुस्त असते तिच्या गर्भाशयात पू होतो. वार सुटण्यासाठीही याच पांढऱ्या पेशींची मदत लागते.

म्हणजे दाह हवाच. मात्र तो वेळेवर सुरू व्हायला हवा आणि काम संपल्यावर थांबायलाही हवा. चुलीतला जाळ भाकरी भाजतो. तोच रात्रभर तसाच राहिला तर छपराला धोका.

करडई आणि जवस

आता तेलाकडे येऊ. तेल आणि चरबी ही मेदाम्लांची बनलेली असतात. त्यांची अनेक कुळे आहेत. आपल्या विषयासाठी दोन महत्त्वाची: ओमेगा-६ आणि ओमेगा-३. नावे परकी वाटली तरी दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. ते ओमेगा-६ कुळाचे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. ते ओमेगा-३ कुळाचे. ही दोन्ही आम्ले जनावराला किंवा माणसाला शरीरात तयार करता येत नाहीत. ती खाण्यातूनच मिळावी लागतात. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण वगळलेला आहार देऊन हे दाखवून दिले. तोवर स्निग्ध पदार्थ म्हणजे फक्त इंधन असा समज होता.

ही आम्ले शरीरात जाऊन पेशींच्या आवरणात बसतात. याला आम्हांला आमच्याच धंद्यातली उपमा सुचते. पेशीचे आवरण ही ठेवींची तिजोरी आहे. जंतू आला किंवा जखम झाली की पेशी त्या तिजोरीतून मेदाम्ल काढते आणि त्यापासून संदेश देणारी द्रव्ये बनवते. जे जमा असेल तेच काढता येणार. ओमेगा-६ कुळातले अॅराकिडोनिक आम्ल जमा असेल तर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन नावाची जोरकस द्रव्ये बनतात. ती दाह पेटवतात. ओमेगा-३ कुळातले ईपीए जमा असेल तर त्यापासून बनणारी द्रव्ये बरीच सौम्य असतात. शिवाय दोन्ही कुळे कामासाठी तीच ती विकरे वापरतात. त्यामुळे एकाचा भरणा वाढला की दुसऱ्याला जागा कमी मिळते.

प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले की आपली साधी अॅस्पिरिन हीच द्रव्ये बनू देत नाही, म्हणून ठणका थांबतो. गाईला ताप आणि सूज आल्यावर पशुवैद्य मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन देतात, ते याच वाटेवर काम करते. पुढे २००० च्या सुमारास हार्वर्डमध्ये चार्ल्स सेर्हान यांच्या गटाला आढळले की ओमेगा-३ पासून शरीर अशीही काही द्रव्ये बनवते जी दाह आवरता घेतात, साफसफाई करवतात. त्यांना रिझॉल्विन असे नाव मिळाले. म्हणजे विझवण्याचे कामही शरीर स्वतःच करते. त्यासाठी लागणारा माल खाण्यातून यावा लागतो.

म्हणून ओमेगा-६ वाईट आणि ओमेगा-३ चांगले, असे सरसकट म्हणता येत नाही. एक पेटवते, दुसरे आवरते. गाईला दोन्ही लागतात.

गाईच्या पोटातला वनस्पती तुपाचा कारखाना

मग गाईला जवसाचे तेल पाजले की काम झाले? नाही. इथेच गाय आपल्याहून वेगळी आहे.

गाईच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे रूमेन, हा जंतूंनी भरलेला हौद आहे. वैरणीतला चोथा पचवणारे तेच. गाय आपल्यासाठी खात नाही, आधी या जंतूंसाठी खाते. पातळ तेलातली असंपृक्त मेदाम्ले यांतल्या बऱ्याच जंतूंना सोसत नाहीत. म्हणून ते त्यांच्यात हायड्रोजन घालून त्यांना संपृक्त करून टाकतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात नेमके हेच करतात: पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करतात. गाईच्या पोटात हे काम चोवीस तास, फुकटात चालते. खाल्लेल्या लिनोलिक आम्लापैकी साधारण ७० ते ९५ टक्के आणि अल्फा-लिनोलेनिकपैकी ८५ टक्क्यांहून अधिक याच रीतीने बदलून जाते. दुधातली बरीचशी चरबी संपृक्त असते त्याचे हे एक मोठे कारण. करडई घाला नाहीतर जवस, पुढे आतड्यात पोचतो तो मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा घट्ट माल.

तेल एकदम जास्त गेले तर आणखी नुकसान. ते वैरणीच्या तुकड्यांवर थर धरते, चोथा पचवणारे जंतू मंदावतात, गाय खाणे कमी करते आणि दुधाचे फॅटही उतरते. गोशाळेच्या भाईंनी टोपली बाजूला का ठेवली, ते आता लक्षात आले असेल. त्यात फराळाचा मैदा आणि साखर एकदम पोटात गेली तर रूमेनमध्ये आम्ल वाढते. ती आम्लता स्वतःच दाहाला आमंत्रण देते, कारण तिथे मरणाऱ्या जंतूंच्या भिंतीतले विषारी अंश रक्तात उतरू शकतात.

रूमेनला चकवण्यासाठी शास्त्रज्ञांनी मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार बनवले. ते रूमेनमध्ये फारसे विरघळत नाहीत, पुढच्या आम्लधर्मी कप्प्यात सुटे होतात. यालाच बाजारात बायपास फॅट म्हणतात. पण इथे पशुपालकाने पिशवीवरचे नाव नीट वाचावे. आपल्याकडे मिळणारे बायपास फॅट बहुधा पाम तेलापासून बनते. त्यात मुख्यतः पामिटिक आणि ओलिक आम्ल असते. त्यातून गाईला ऊर्जा मिळते, दूध सावरते. मात्र ओमेगा-३ मिळत नाही. ताकदीची पिशवी ही प्रतिकारशक्तीची पिशवी नव्हे.

ते सहा आठवडे

व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे हा गाईच्या वर्षातला सर्वांत नाजूक काळ. पोटात वासराने जागा व्यापलेली, भूक मंदावलेली आणि व्याल्याबरोबर दुधाची मागणी एकदम सुरू. आवक कमी, जावक जास्त. तूट भरायला गाय अंगावरची चरबी मोडते. ती मेदाम्ले मोकळी होऊन रक्तात येतात, यकृतात साचतात, आणि फार झाली की किटोसिस होतो. शिवाय रक्तात मोकळी मेदाम्ले फार वाढली की न्यूट्रोफिलची जंतू मारण्याची ताकद घटते आणि अंगभर एक रेंगाळणारा दाह सुरू राहतो. म्हणजे गरज असते तिथे फौज कमजोर, आणि गरज नसते तिथे जाळ.

म्हणूनच भाकड काळात गाय फार लठ्ठ करणे धोक्याचे. पाचपैकी गुण देण्याची एक पद्धत आहे. त्यात व्यायच्या वेळी तीन ते साडेतीनच्या आसपास असलेली गाय बरी. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे हाताला लागावीत, पण डोळ्यांत खुपू नयेत. जितकी जास्त लठ्ठ, तितकी व्याल्यावर भूक कमी आणि चरबी मोडण्याचा वेग जास्त. "व्यायच्या आधी चांगली फुगवून ठेवा" हा सल्ला आम्हीही कर्जदारांना दिला असेल. तो चुकीचा होता.

कोणते तेल, कधी

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये होल्स्टीन गाईंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायच्या सुमारे महिनाभर आधीपासून नंतर महिनाभर काही गाईंना करडईच्या तेलाचे कॅल्शियम क्षार दिले आणि काहींना पाम तेलाचे. पुढे रेतनाच्या काळात काहींना माशाच्या तेलाचे क्षार दिले. करडई मिळालेल्या गाईंचे न्यूट्रोफिल जंतूंसमोर अधिक तत्पर दिसले. नंतर माशाच्या तेलाने तोच जोर कमी केला आणि या गाईंमध्ये गाभ टिकण्याचे प्रमाण सुधारले.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. गर्भ राहिल्यावर साधारण पंधरा ते सतरा दिवसांनी तो आईच्या गर्भाशयाला संकेत देतो की प्रोस्टाग्लँडिन सोडू नकोस, नाहीतर गाय पुन्हा माजावर येईल आणि गर्भ जाईल. ओमेगा-३ त्या प्रोस्टाग्लँडिनचा जोर कमी करते, म्हणजे गर्भाच्या बाजूने बोलते. व्यायच्या वेळी पेटवणारे हवे, गाभ धरताना आवरणारे हवे. वाघोडियाच्या त्या गाईची वार, कास आणि उलटणे आम्हांला एका धाग्यात दिसू लागली ती हे वाचल्यावर.

अर्थात हा प्रयोग भरपूर दूध देणाऱ्या परदेशी गाईंवरचा, तोलूनमापून दिलेल्या आहारावरचा. आपल्या गीर किंवा संकरित गाईला तोच नुस्खा जसाच्या तसा लावायचा नाही. त्यातून घ्यायचे ते तत्त्व: मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची.

आमचा नेहमीचा हिशेब

गाईच्या रोजच्या एकूण कोरड्या खाद्यात स्निग्ध पदार्थ सहा-सात टक्क्यांवर जाऊ नयेत, असा सर्वमान्य दंडक आहे. समजा गाय दिवसाला १० किलो कोरडे खाद्य खाते. सहा टक्के म्हणजे ६०० ग्रॅम. वैरण, पेंड आणि पशुखाद्य यांतूनच सुमारे तीन टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम मिळून जातात. उरले ३०० ग्रॅम, आणि तीही कमाल मर्यादा. त्यात सरकी जास्त असेल तर शिल्लक आणखी कमी. दहा घरांच्या तूपकट पोळ्या एका गाईच्या तोंडी गेल्या तर खाते किती वेळात उणे होईल, ते आपणच मोजा.

ओमेगा-६ ची आपल्या भागात फारशी वाण नाही. कपासिया खोळ, म्हणजे सरकी पेंड, आणि मका यांतून ते मिळतेच. तुटवडा असतो तो ओमेगा-३ चा, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा वाळलेल्या कडब्यावर आणि पेंडीवर दिवस काढावे लागतात. त्याचा सर्वांत स्वस्त स्रोत म्हणजे हिरवा चारा. हिरव्या पानात तेल थोडेच असते, पण त्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक असते. गाय हिरवा चारा किलोच्या हिशेबाने खाते, शिवाय तो रूमेनला त्रास न देता हळूहळू सुटतो. बराचसा भाग तिथे बदलून गेला तरी रोजचा थोडा थोडा भरणा पुढे पोचत राहतो. चारा कापून उन्हात वाळवला की यातले बरेच निघून जाते. हिरव्या चाऱ्यात ई जीवनसत्त्वही असते. असंपृक्त मेदाम्ले शरीरात खराब होऊ नयेत म्हणून तेही लागते.

जवस द्यायचेच असेल तर भरडून, थोडे थोडे वाढवत आणि पशुवैद्यांना विचारून द्यावे. नळीने किंवा बाटलीने तेल पाजणे मात्र टाळावे. ठसका लागून तेल फुप्फुसात गेले तर गाय हातची जाते. आणि हेही सांगायला हवे की कासदाह टाळण्याचा पहिला उपाय आहे कोरडा, स्वच्छ गोठा आणि धारेपूर्वी धुतलेले हात. खाण्यातली मेदाम्ले त्यानंतर येतात. घाणीत बसलेल्या गाईला कोणतेही तेल वाचवू शकत नाही.

यंदाच्या वसुबारसेला

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवली आहे. यंदा गोशाळेत जाताना प्रत्येक घराने गाईच्या नावाने एक लसूणघासाची पेंढी आणावी. आणणे जमत नसेल त्यांनी तेवढे पैसे द्यावेत. चारा एकत्र घेऊन ताजा पोचवू. पूजेला नैवेद्य म्हणून पुरणाचा एक घास ठेवायला कोणाचीच हरकत नाही. बाकीची पुरणपोळी गोशाळेत काम करणाऱ्या माणसांना द्यावी. त्यांना ती नक्की आवडते, हे आम्ही गेल्या वर्षी पाहिले आहे. व्यायला झालेल्या गाईंना काय घालायचे ते मात्र भाईंनाच ठरवू द्यावे.

ज्या सभासदांच्या गावाकडे अजून गाई-म्हशी आहेत त्यांनी व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत घरी एकदा फोन करून विचारावे: हिरवा चारा मिळतो आहे ना? गाय फार सुटली तर नाही ना? आमच्या अर्जात जो रकाना नव्हता, तो निदान आपल्या घरात तरी असू द्या.